खरं असेल तरच

प्रश्न विचारताना ती मुलगी उभीसुद्धा राहिली नव्हती. संशोधनपद्धतीचा तास संपत आला होता, समोरच्या बांधकामाची धूळ खिडकीच्या काचांवर बसली होती, आणि मॅडमनी दरवर्षीप्रमाणे मुलाखतीचा तो उतारा नुकताच वाचून पुस्तक मिटलं होतं. उतारा साधाच होता. नोकरी करणारी एक बाई आपल्या नणंदेबद्दल सांगते: मी संध्याकाळी कामावरून येते तर दाराला आतून कडी. नणंद नमाजला बसलेली. नमाज संपते, मग तसबीह सुरू होते, एकेक मणी सरकत राहतो, आणि मी जिन्यावर बसून असते. माझी चाहूल लागली की मणी जास्तच हळू सरकतात. खाली संशोधिकेनं एकच वाक्य लिहिलं होतं, की घरातली धर्मनिष्ठा ही सत्तेचीही भाषा असते. या वाक्यापाशी वर्ग दरवर्षी गप्प होई, आणि ती शांतता मॅडमना मनातून आवडे. हात न लावता काहीतरी जागचं हलल्यासारखी. पण या वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ही गीबत नाही का?"

"म्हणजे पाठीमागे बोलणं?"

"हो. जी समोर नाही तिच्याबद्दल, तिला आवडणार नाही असं बोलणं."

"पण ती बाई खोटं बोलत नाहीये," मॅडम म्हणाल्या. हे उत्तर त्यांच्या जिभेवर इतकं तयार होतं, की दिल्यावरच त्यांना ते ऐकू आलं.

"म्हणूनच विचारलं," मुलगी म्हणाली. "खोटं असेल तर ती तोहमत. खरं असेल तरच गीबत."

कुणीतरी हसलं. घंटा झाली, बाकं सरकली, आणि मॅडम "पुढच्या तासाला बोलू" असं म्हणून बाहेर पडल्या. जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावर होता. राग आला नव्हता, अपमानही वाटला नव्हता. घरात नेहमीच्या वाटेनं चालताना अंधारात खुर्चीला पाय लागावा, खुर्ची रोज तिथंच असते हेही ठाऊक असावं, तसं काहीतरी झालं होतं. कारण त्या मुलीनं नवीन काहीच सांगितलं नव्हतं. ही व्याख्या त्यांनी शाळेत जायच्या आधीपासून ऐकलेली. घरात कुणी शेजारणीचं काही सांगू लागलं की अब्बा पेपरमागून म्हणत, "ती इथे बसलेली असती तर असंच बोलली असतीस का?" आणि बोलणारी गप्प होई. तेच घर, तेच कान, आणि त्याच कानांनी नंतर वर्षानुवर्षं मुलाखतींच्या टेप ऐकल्या: सासवांबद्दल सुना, भावांबद्दल भाऊ, मालकांबद्दल नोकर. समोर नसलेल्यांबद्दल समोर असलेले. मॅडमची सगळी विद्या यावरच उभी होती. मग या दोन गोष्टी इतकी वर्षं एका डोक्यात एकमेकींना न भेटता राहिल्या कशा? एकाच इमारतीत राहून लिफ्टमध्येही कधी गाठ न पडणाऱ्या दोन बिऱ्हाडांसारखी.

आणि हाच नेमका तिच्या नव्या प्रकरणाचा विषय होता. संस्थेनं ठरवलं होतं की समाजशास्त्रं उसन्या चष्म्यातून शिकवायची नाहीत, इस्लामी मूल्यं त्यांत गुंफायची. त्यासाठी पाठ्यपुस्तकाची समिती नेमली होती, आणि 'मुलाखत' हे प्रकरण तिच्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी ते समितीपुढे ठेवायचं होतं. आतापर्यंत गुंफणं म्हणजे काय, तर कुटुंबाच्या प्रकरणाच्या माथ्यावर कुराणातली एक आयत, दारिद्र्याच्या प्रकरणात जकातीची, म्हणजे गरिबांसाठीच्या दानाची, चौकट, शेवटी स्वाध्याय. ती याला टोपी घालणं म्हणे. धर्मशास्त्र शिकवणारे सहकारी, ज्यांना अख्खं कॉलेज मौलाना सर म्हणे, यावर मनापासून हसत. "टोपी तरी घालू द्या मॅडम," ते म्हणत, "डोक्यात काय आहे ते मग बघू." तिच्या प्रकरणाची टोपीही तयार होती, खरं बोलण्याविषयीची एक सुंदर आयत, आणि तिच्याखाली, अर्थात, तो उतारा.

मौलाना सर स्टाफरूममध्ये बशीत चहा ओतून फुंकर मारत होते. ती समोर बसली. "सर, गीबतीला अपवाद असतात ना?"

"असतात की. का, कुणाबद्दल बोलायचंय?" त्यांनी डोळे मिचकावले. पण तिचा चेहरा बघून बशी खाली ठेवली. "ज्याच्यावर जुलूम झालाय त्यानं फिर्याद केली, तर ती गीबत नाही. सल्ला मागताना सांगितलं तर नाही. दुसऱ्याला सावध करायला सांगितलं तर नाही."

"म्हणजे एखादी बाई, जिला घरात त्रास आहे—"

"ती फिर्यादीच. तिला कोण अडवणार?" तिला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात ते म्हणाले, "फक्त फिर्याद कुणापुढे केली ते बघतात. ज्याच्या हातात काहीतरी करणं आहे अशापुढे करायची. नाहीतर मग त्या गप्पाच झाल्या." त्यांनी बशी पुन्हा उचलली. "तुमचे ते संशोधक ऐकून घेतात आणि पुढे काय करतात?"

"लिहितात," ती म्हणाली.

"बरं," मौलाना सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता; असता तर बरं झालं असतं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. शहर संध्याकाळच्या कामाला लागलं होतं. दुकानांचे दिवे लागत होते, पुलाखाली एक माणूस सायकलचं चाक फिरवून त्यातला दोष ऐकत होता. ती चाकाकडे बघत राहिली आणि तिला ती दुपार दिसू लागली. खरं तर ती दुपार तिला वर्षातून एकदा, उतारा वाचताना, दिसतच असे, पण वर्गात तिच्याकडे नीट बघता येत नसे. उताऱ्यातली बाई तिची अम्मी होती. अम्मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि दार लावून तसबीह ओढणारी नणंद म्हणजे तिची फुफी, अब्बांची मोठी विधवा बहीण, जिनं अब्बांना लहानाचं मोठं केलं होतं आणि म्हणून जिच्यापुढे अब्बांचा पेपरही खाली येत असे. शाळेला सुटी होती. एक बाई घरी आल्या, त्यांच्या खांद्याला चामड्याची मोठी बॅग. ती तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बाहुलीचं घर मांडून बसली होती, त्यामुळे त्या बाईंचं तिला पहिल्यांदा काय दिसलं, तर बूट. पट्ट्यांचे, पुरुषासारखे, पण पाय बाईचे. मग टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवल्याचा ठक्क आवाज, आणि वरून अम्मीचा आवाज, जो रोजचा नव्हता. रोज अम्मी 'हो', 'नाही', 'झालं', 'आणते' एवढंच बोले. एक्स्चेंजमध्ये दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईला स्वतःचं बोलणं उरत नसावं. त्या दुपारी मात्र ती बोलत राहिली, बोलतच राहिली, आणि बॅगवाल्या बाई फक्त 'मग?' म्हणत होत्या. त्या एका 'मग?'वर लहान मुलीचा जीव जडला. आपणही मोठेपणी अशी बॅग घ्यायची, असे बूट घालायचे आणि लोकांना 'मग?' विचारायचं, हे तिनं टेबलाखालीच ठरवून टाकलं. पुढे एम.ए.च्या वर्गात सरांनी तोच उतारा वाचला तेव्हा जिन्यापाशी येताच तिनं आपली अम्मी ओळखली. अभिमानानं छाती भरून आली होती. कुणाला सांगितलं नाही. अम्मीलाही नाही, सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं तेव्हा वाटलं, आणि नंतर ते राहूनच गेलं. बॅगवाल्या बाई पुन्हा कधी घरी आल्या नाहीत. फुफी गेली, अब्बा गेले, उतारा राहिला.

घरी अम्मी बाल्कनीत बसली होती. आता तिला ऐकू कमी येतं, पण निवडक; नको ते ऐकू येत नाही, हवं ते भिंतीपलीकडूनही येतं. "उशीर केलास," ती म्हणाली. "आणि तोंड का उतरलंय? कुणी मेलं का?"

"कुणी नाही." ती स्टूल ओढून बसली. मग म्हणाली, "अम्मी, ती बाई आठवते? टेपरेकॉर्डर घेऊन आली होती, मी लहान असताना."

"बॅगवाली? न आठवायला काय झालं. तीन कप चहा प्यायली."

"तू जे बोललीस ते तिनं पुस्तकात छापलं. नाव नाही घातलं. आणि मी..." तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. "मी ते वर्गात शिकवते. दरवर्षी. वाचून दाखवू?"

अम्मीनं चष्मा काढला. ऐकताना ती नेहमी चष्मा काढते, जसं काही डोळ्यांचं काम कानांना द्यायचं असावं. वाचताना मॅडमचा आवाज वर्गातला राहिला नाही. 'माझी चाहूल लागली की' इथे तो अडखळला. बाल्कनीखालून कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होईना. त्या खाकरण्यात शेवटचं वाक्य अर्धं बुडालं. तिनं पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं आणि वाट पाहिली. कशाची, ते तिलाही सांगता आलं नसतं. रागाची तयारी होती, रडण्याची होती.

"रडत सांगितलं असं लिहिलंय का तिनं?" अम्मीनं विचारलं.

"हो, सुरुवातीलाच. 'अश्रू आवरत' असं आहे."

"कांदे चिरत होते मी!" अम्मी म्हणाली. "एवढं समोर दिसत होतं. एवढी शिकलेली बाई, कांदा दिसला नाही तिला?" आणि ती हसली. मॅडमनाही हसू फुटलं. मग अम्मी म्हणाली, "पुढचं वाच."

"पुढचं काही नाही. एवढंच आहे."

"एवढंच?" अम्मीनं पुस्तकाकडे बघितलं, जणू पानं चिकटली असावीत. "पण त्याच आठवड्यात दार उघडायला लागलं, ते कुठंय?"

"कुठलं दार?"

"आपलं. दुसरं कुठलं? मी ड्युटीवरून आले, जिन्यात बसायला पदर सावरला, तर दार उघडं. आपा, तुझ्या फुफी, दारातच खुर्ची टाकून बसलेल्या. हातात तसबीह. मी म्हटलं, नमाज? तर म्हणाल्या, झाली. मी म्हटलं, तसबीह? तर म्हणाल्या, ती काय, उघड्या दारातही होते. त्या दिवसापासून कधी कडी लागली नाही. मी आले की उठून आत जायच्या, बोलायच्या नाहीत फार. पण भात गरम असायचा." अम्मीनं चष्मा पदराला पुसला. "मी किती विचार केला, हिला झालं काय? तुझ्या अब्बांनी काही म्हटलं असेल म्हणावं, तर त्यांची काय छाती होती. आपांना विचारायची सोय नव्हती. मग सोडून दिलं. माणसाला सुख लागलं की कारण कोण शोधत बसतंय?"

मोटारसायकल एकदाची चालू झाली आणि गेली. त्या मागे राहिलेल्या शांततेत मॅडमना टेबलाखालची ती जागा पुन्हा दिसली, पण या वेळी नजर बुटांवर नव्हती. बुटांच्या पलीकडे, स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीच्या मधल्या पडद्याखाली, जमिनीपासून वीतभर उघडी फट होती, आणि त्या फटीत दोन अनवाणी पाय होते. रुंद, भेगाळलेले, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. फुफीचे. ते तिथे कधी आले हे तिला कळलं नव्हतं, पण बॅगवाल्या बाई उठेपर्यंत ते हलले नव्हते. मुलांना पाय दिसतात, त्यांचा अर्थ दिसत नाही. फुफी उभी आहे, एवढंच तिला दिसलं होतं. भिंत उभी असते तशी. एकदा फक्त उजवा पाय उचलला जाऊन दुसऱ्या पायावर टेकला होता, आणि तसाच कितीतरी वेळ राहिला होता. म्हातारी माणसं असं एका पायावर उभी राहू शकतात याची तिला तेव्हा गंमत वाटली होती.

सांगावं का? ती जी समोर नाही तिच्याबद्दल, तिला आवडणार नाही असं. चोरून ऐकणं हीही वाईटच गोष्ट, आणि फुफी स्वतःला काय समजत होती, तर नमाजी, परहेजगार, पापापासून लांब राहणारी. तिला ही गोष्ट उघडी झालेली खचित आवडली नसती. पण मग अम्मीच्या वाट्याच्या उरलेल्या गोष्टीवर कुणाचा हक्क? अम्मी समोर बसली होती, चष्मा हातात, आणि तिच्या चेहऱ्यावर ते जुनं कोडं अजून तसंच होतं, धूळ झटकून नुकतंच बाहेर काढल्यासारखं. मॅडमनी आयुष्यात कितीएक मुलाखती घेतल्या होत्या. मुलाखत देण्याची वेळ पहिल्यांदा आली होती.

"अम्मी, फुफी पडद्यामागे होती. त्या दुपारी. तिनं सगळं ऐकलं."

 अम्मीचा आवाज एकदम चढला. "आणि तू हे आज सांगतेस?"

"मी लहान होते गं. मला फक्त पाय दिसले."

"पाय दिसले," अम्मी म्हणाली. ती रागातच होती, पण तो राग कुणावर काढावा हे तिला समजत नव्हतं. आधी लेकीवर, मग पडद्यावर, मग थेट आपांवर. "सगळं ऐकलं, आणि मरेपर्यंत एक शब्द नाही काढला. ना 'माझी चुगली का केलीस' म्हणून, ना 'माझं चुकलं' म्हणून. नुसतं दार उघडं ठेवलं. ही काय रीत झाली? मी इथे त्यांना माफ करायची राहिले ना!" मग बराच वेळ ती चष्म्याच्या काड्या उघडत मिटत राहिली. शेवटी म्हणाली, "माझं मी बोलले, ते ठेव वाटलं तर. पण त्यात आपा आहेत. त्यांना विचारता येत नाही आता. काढून टाक."

"सगळंच जाईल मग. उताऱ्यात दुसरं काहीच नाही."

"मग जाऊ दे," अम्मी म्हणाली. "तुझ्या मुलांना कांदा कसा बघायचा ते शिकव."

दुसऱ्या दिवशी समितीच्या बैठकीत प्राचार्यांनी प्रकरण चाळलं आणि उतारा गेलेला पाहून कपाळाला हात लावला. संशोधिकेच्या पुस्तकातलं सगळ्यांत गाजलेलं पान होतं ते. त्याच्या जागी मॅडमनी तीन-चार ओळी लिहिल्या होत्या: मुलाखत ही आपल्याकडे ठेवायला दिलेली अमानत आहे, मालकी नव्हे. ऐकून घेतलं की परत जावं. पुढे काय झालं ते विचारावं. आणि ज्याच्याबद्दल बोललं गेलं तो माणूस आपल्या खोलीतच उभा आहे असं धरून लिहावं.

"असं म्हटलं तर संशोधन ठप्प होईल," प्राचार्य म्हणाले. "लोक एकमेकांबद्दल बोलणार नाहीत तर समाजशास्त्र कशाचं करायचं? जुलूम उघडा कसा पडायचा?"

"बोलतील. बोलायलाच हवं," ती म्हणाली. "त्या बाईनं तोंड उघडलं नसतं तर ती जिन्यावरच बसली असती. मी बोलणारीचं तोंड बंद करत नाहीये सर. ऐकणाऱ्याच्या गळ्यात काहीतरी अडकवतेय."

मौलाना सरांनी पान उलटून पालटून बघितलं. "आयत कुठे गेली?"

"काढली. वरून भुरभुरवलेलं मीठ लागतं तसं लागत होतं, सर. या वेळी शिजतानाच घातलंय. चाखून बघा, कमी पडलं तर सांगा."

मौलाना सरांनी त्या ओळी पुन्हा वाचल्या, ओठ हलवत, सावकाश. "कमी नाही," ते म्हणाले, आणि प्राचार्यांकडे वळले. "आता इतर प्रकरणांचं काय करायचं ते बघा. ती सगळी अळणी लागायला लागली." प्राचार्यांनी घड्याळ बघितलं आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, मुलाखतीचं प्रकरण मात्र, एका नाराज तळटीपेसह, मंजूर झालं.

मागच्या बाकावरची मुलगी तिला तास संपल्यावर व्हरांड्यात भेटली. वर्गात मॅडमनी उतारा यापुढे शिकवणार नाही एवढंच सांगितलं होतं, आणि तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला अजून माहीत नाही, हेही. मुलगी थोडी घाबरलेली दिसली. "मॅडम, तुम्हाला राग आला का? मला तुमचं काही चुकलंय असं म्हणायचं नव्हतं."

"नाही आला. पण तुला हे सुचलं कसं?"

मुलीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आमच्या घराबद्दल लोक सगळं खरंच बोलतात, मॅडम," ती म्हणाली.

मॅडमच्या तोंडावर 'मग?' आला होता. अगदी ओठांपर्यंत आला होता. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी तो तिथेच ठेवला. दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. खाली मैदानात कुणीतरी नळ सोडून गेलं होतं आणि पाणी वाहत होतं. मुलगी जाऊन तो बंद करून परत आली, आणि पुन्हा तिच्या शेजारी उभी राहिली. निघून गेली नाही.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर मॅडमनी चहा केला आणि दोन कप बाल्कनीत नेले. प्रकरण मंजूर झाल्याचं सांगितलं. अम्मीला त्याचं विशेष काही वाटलं नाही. तिच्या डोक्यात दिवसभर दुसरंच चाललं असावं, कारण ती म्हणाली, "आपांचं मला अजून बरंच आठवलं काल रात्री. चांगलंही आणि वाईटही. तू लिहून घेणार आहेस?"

"नाही."

"टेप?"

"नाही."

"शिकवणार वगैरे?"

"नाही, अम्मी."

"मग दार लोटून घे, आणि बस," अम्मी म्हणाली. तिनं चष्मा मात्र काढला नाही. आता ऐकायची पाळी तिची नव्हती. लेकीनं दार लोटलं, स्टूल जवळ ओढलं, हात रिकामे मांडीवर ठेवले. अम्मी बोलू लागली, आणि चहा गार होईपर्यंत, त्यानंतरही, बोलत राहिली. काय बोलली ते त्या दोघींना माहीत आहे.